चंबळ खोऱ्याचा माथा : सहभागी पाणी-मॉडेलच्या प्रकल्प नोंदी

२५ नोव्हेंबर २०२३, रामबाग, इंदूर

प्रकल्पाची पहिली बैठक आज आमच्या वाड्याच्या ओसरीवर झाली. निवृत्त जलशास्त्रज्ञ असलेले आमचे सर, दोन विद्यार्थी, सांवेर तालुक्यात वडिलोपार्जित शेती असलेले शेजारचे काका आणि मी, असे पाच जण होतो. चंबळ खोऱ्याच्या माथ्याकडच्या भागाचे, म्हणजे क्षिप्रा, कान्ह आणि गंभीर या नद्यांच्या मुलखाचे, पाण्याचे मॉडेल, म्हणजे पाणी कुठून येते, कुठे साठते आणि कुठे जाते याची हिशेबी मांडणी, तयार करायचे असे ठरले. मात्र ते आम्ही बंद खोलीत तयार करून लोकांना दाखवायचे नाही. जे हे पाणी उपसतात, पितात, सोडतात आणि ज्यांच्या वाट्याला ते उरूनसुरून येते, त्या सर्वांच्या सोबतीने ते पहिल्या रेघेपासून मांडत न्यायचे.

आपण चंबळच्या खोऱ्यात राहतो हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटले, कारण चंबळ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर मुरैना-भिंडच्या दऱ्याच येतात. प्रत्यक्षात ती इथून जवळच, महूकडच्या जानापावच्या डोंगरावर उगम पावते. इंदूरमधून वाहणारी कान्ह उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला मिळते आणि हे सारे पाणी १९६० साली पूर्ण झालेल्या गांधीसागर धरणात जाते. पुढे कोट्याचा बंधारा, तिथून निघालेले राजस्थान आणि मध्य प्रदेशातले कालवे, त्याखाली सुसरींसाठी १९७९ साली राखलेले अभयारण्य आणि अखेरीस यमुना. सुमारे १ लाख ४३ हजार चौरस किलोमीटरच्या या खोऱ्यात आमचा तुकडा लहान असला, तरी तो माथ्यावरचा आहे, आणि माथ्यावर जे घडते ते खालच्यांना सोसावे लागते.

२ डिसेंबर २०२३

आजचा सगळा दिवस एका प्रश्नात गेला : मॉडेलची हद्द कुठे आखायची? पुस्तकी उत्तर सोपे आहे. पाणलोटाची रेघ विंध्याच्या कड्यावरून जाते. तिच्या उत्तरेचे पाणी चंबळचे, दक्षिणेचे नर्मदेचे. परंतु इंदूर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे ७० किलोमीटर आणले जाते आणि वाटेत जवळजवळ अर्धा किलोमीटर उंच चढवले जाते. २०१४ पासून क्षिप्रेच्या उगमाशी, उज्जैनी गावापाशीही, नळवाटे आणलेले नर्मदाजल सोडण्याची सोय आहे. निसर्गाने दोन खोरी वेगळी केली, पंपांनी ती जोडली. नर्मदेच्या पाण्यातला मध्य प्रदेशाचा १८.२५ दशलक्ष एकर-फुटांचा वाटा नर्मदा पाणीवाटपाच्या लवादाने १९७९ साली ठरवला, आणि त्यातले काही पाणी आज डोंगर ओलांडून चंबळमार्गे यमुनेकडे जाते.

शेवटी आम्ही विंध्याची रेघ कायम ठेवली, नर्मदेचे पाणी बाहेरून आत येणारा बाण म्हणून दाखवले आणि शहराचे सांडपाणी बाहेर जाणारा बाण म्हणून. सर्वांना ते पटले.

सरांनी आज स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसची आठवण काढली. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून तो इंदुरात आला, शहराची गल्ली न गल्ली पायी हिंडला, दिवाळीच्या मिरवणुकीतून स्वच्छतेची मोहीम काढली आणि १९१८ साली आपला अहवाल दिला. त्याची एक आवडती आकृती होती : डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीच्या खोऱ्याचा उभा छेद, आणि त्यात ज्या उंचीवर ज्याचा व्यवसाय चालतो तो त्या जागी काढलेला. चौकोन आणि बाण यांच्या आकृतीपेक्षा ही रीत गावात अधिक चालेल असे मला वाटते. विद्यार्थ्यांनी रालामंडळच्या टेकडीपासून उज्जैनच्या घाटांपर्यंतचा असा छेद दहा फुटांच्या कागदावर काढायला घेतला आहे. नद्या निळ्या, बाकी सर्व कोरे. माणसे, विहिरी, पंपाच्या मोटारी लोकांनीच भरायच्या.

१७ डिसेंबर २०२३, सांवेर तालुक्यातले एक गाव

आज पहिली गावबैठक झाली. काकांच्या ओळखीमुळे पटेलांच्या अंगणात जागा मिळाली आणि सतरा माणसे आली, त्यांत सहा बायका होत्या. माळव्याविषयी जी म्हण प्रत्येक पाहुण्याला ऐकवली जाते, ‘डग-डग रोटी, पग-पग नीर’, तिने पटेलांनी सुरुवात केली आणि मग स्वतःच म्हणाले की पावलोपावली पाणी त्यांच्या आजोबांच्या वेळी होते, आता पावलोपावली बोअर आहे.

पुरुषांनी कागदावर आधी विहिरी आणि बोअर काढले. त्यावरून कारणांची साखळी सहज उलगडत गेली. खरिपात सोयाबीन, ते निघताच गहू, लसूण, बटाटा; रब्बीला पाणी हवे म्हणून बोअर; बोअर वाढले की उथळ विहीर आटते; विहीर आटली की तिचा मालकही बोअर घेतो. मी बाण काढत गेले आणि वर्तुळ पूर्ण झाले तेव्हा अंगणात क्षणभर कोणी बोलले नाही. आम्ही याला वाढवत नेणारे चक्र म्हणतो. १९५० च्या दशकात अभियंता जे फॉरेस्टर यांनी अमेरिकेत ही चक्रे मांडण्याची पद्धत घडवली ती कारखान्यांतल्या साठ्यांचे चढउतार समजून घेण्यासाठी. इथे ती शेणाने सारवलेल्या अंगणात तितकीच लागू पडली. हे चक्र कुठे तुटते असे विचारल्यावर एक म्हातारे शेतकरी म्हणाले, ‘कर्ज मिळेनासे झाले की.’ हा बाण आमच्या डोक्यात नव्हता.

पण आजची खरी नोंद वेगळी आहे. नाल्याच्या काठाला भाजीपाला करणाऱ्या एक काकी बराच वेळ मागे बसून होत्या. बैठक उठायच्या बेतात असताना त्यांनी पुढे येऊन कान्हेच्या निळ्या रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, ‘आमचं पाणी यात कुठं आहे?’ त्यांच्या वाफ्यांना उन्हाळ्यात जे पाणी मिळते ते पावसाचे नसते, विहिरीचे नसते, ते शहराने वापरून सोडलेले असते. शहरात सणासुदीची धुणीभांडी निघाली की दुसऱ्या दिवशी नाला चढतो आणि शहराच्या नळांना खाडा पडला की तो उतरतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. आम्ही सांडपाण्याचा बाण कागदाबाहेर नेऊन सोडला होता. काकी त्या ‘बाहेर’मध्ये राहतात.

त्यांनी आणखी एक गोष्ट सुनावली आणि ती मी शब्दशः लिहून घेतली : ‘पाणी किती ते लिहिता, तसं ते कसं आहे तेही लिहा. त्यात पाय आमचे असतात.’

२४ डिसेंबर २०२३

नाल्यावरच्या पुलाच्या खांबाला मापपट्टी बसवली. सागवानी पट्टी, तिच्यावर ऑइल पेंटने दर पाच सेंटिमीटरला लाल आणि पांढरा पट्टा. काकी आणि त्यांची नववीतली नात रोज सकाळ-संध्याकाळ वहीत तीन रकाने भरतील : पातळी, रंग, वास. वासासाठी आम्ही एक ते पाच असे आकडे सुचवले होते. नातीने ते नाकारले. वास ‘आहे’, ‘खूप आहे’ किंवा ‘नाही’ एवढाच असतो, असे तिचे म्हणणे पडले. तेच ठेवले.

१६ जानेवारी २०२४

संक्रांतीची सुट्टी धरून तीन दिवस संगणकावर काम केले. बाणांची आकृती आता साठे आणि प्रवाह यांत उतरली आहे : जमिनीतले पाणी, यशवंतसागर तलाव, शहरातल्या टाक्या आणि नदीचे पात्र हे साठे, पाऊस, मुरणे, उपसा, बाष्पीभवन आणि शहराचा परतावा, म्हणजे शहराने वापरून सोडलेले पाणी, हे प्रवाह. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होते असे अभियांत्रिकीत धरतात, तोच आकडा परताव्याला लावला आहे. कागदाची हद्द पुसून उज्जैनच्या पलीकडे नेली.

गंभीर नदीची बाजूही आज जोडली. तिच्यावर वर होळकरांच्या काळातला, १९३० च्या दशकातला यशवंतसागर आहे, जो इंदूरला पाणी देतो. खाली त्याच नदीवरचे धरण उज्जैनला पाणी देते. वरचे दरवाजे उघडले की खालचे धरण भरू लागते, आणि म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी दोन्ही शहरे एकाच बातमीने आनंदतात. वाईट वर्षी मात्र वरचे दरवाजे उघडतच नाहीत.

३० जानेवारी २०२४

पार्वती-कालीसिंध-चंबळ जोड प्रकल्पासाठी केंद्र, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यात २८ तारखेला सामंजस्य करार झाला. आमच्या तुकड्यावर त्याचा परिणाम काय, ते आज ठरवता येण्यासारखे नाही. मॉडेलमध्ये खालच्या टोकाला एक मोकळी जागा ठेवली आहे.

४ फेब्रुवारी २०२४, सांवेर तालुका

आज मॉडेल पहिल्यांदा गावात चालवून दाखवले, आणि ते चुकले. पडद्यावर विहिरींची पातळी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जेमतेम हातभर उतरली. पटेलांनी शांतपणे सांगितले, ‘दीदी, तुमच्या संगणकातली विहीर मार्चमध्ये भरलेली आहे. माझी संक्रांतीनंतर मोटार ओढत नाही.’ सगळे आमच्याकडे पाहत राहिले. मी दुरुस्ती करून पुन्हा येते असे म्हणून वेळ मारून नेऊ शकले असते, पण विद्यार्थ्याने तिथेच तक्ता उघडला आणि आम्ही सर्वांसमोर एकेक आकडा वाचत गेलो. चूक माझी निघाली. खडकाच्या जलधारणेचा आकडा ०.०२ ऐवजी ०.२ असा भरला गेला होता.

ही चूक समजावून सांगताना जे घडले ते इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण त्यातून बैठकीला अर्थ आला. माळव्याची काळी माती खाली काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर, बसलेली आहे. या खडकात पाणी वाळूसारखे मुरत नाही. ते भेगांत आणि कुजलेल्या थरांत राहते, आणि खडकाच्या एकूण आकारमानापैकी साधारण १ ते ३ टक्केच पाणी उपसून हाती लागते. २ टक्के धरले, तर जमिनीतली पातळी १ मीटर उतरते तेव्हा प्रत्यक्षात फक्त २० मिलिमीटर पाणी निघालेले असते. आता १ हेक्टर गव्हाला ६० मिलिमीटरची एक पाळी, अशा चार पाळ्या दिल्या, तर २४० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे एका हेक्टरच्या गव्हासाठी बारा हेक्टरांखालची पातळी १ मीटर उतरते.

हा हिशेब मी खडूने पटेलांच्या ओट्यावर मांडला. बारा हेक्टर म्हणजे कोणाकोणाची शेते, हे लोकांनी नावे घेऊन मोजले. एक तरुण शेतकरी म्हणाला की मग तो एकटा आपली विहीर वाचवूच शकत नाही, कारण तिच्यात शेजाऱ्यांचीही मोटार आहे. हे वाक्य मी त्याला शिकवले नव्हते. पुढे चर्चा आपोआप पिकांवर गेली : हरभऱ्याला एक-दोन पाळ्या पुरतात, सुजातासारखा गहू कमी पाण्यावर येतो, पण लसणाला चांगला भाव मिळाला त्या वर्षी हे कोण ऐकणार? भावाचा बाण विहिरीपर्यंत नेला.

घरी परतताना सर म्हणाले की बरोबर आकड्यांनी दाखवलेले मॉडेल लोकांनी पाहिले असते आणि विसरले असते. चुकलेले त्यांनी स्वतः दुरुस्त केले, म्हणून ते आता त्यांचे आहे. मला तरी रात्रभर तो दशांशचिन्हाचा ठिपका डोळ्यांसमोर दिसत राहिला.

२५ फेब्रुवारी २०२४, रामबाग

शहरातली बैठक आमच्याच वाड्यात घेतली. आळीतल्या काकू, आजी, दोन निवृत्त शिक्षक आणि वसाहतीच्या समितीची माणसे आली होती. नळ एक दिवसाआड येतात. त्यामुळे प्रत्येक घरात टाकी आणि प्रत्येक टाकीमागे एक भीती आहे. नर्मदा येण्याआधीचे दिवस आजींना आठवतात, नर्मदेच्या पाण्यासाठीचे १९७० चे आंदोलन आठवते, आणि म्हणून ‘नर्मदामैया आली’ हे शब्द त्या नळाच्या पाण्याबद्दलही हात जोडून म्हणतात. देवासला १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले होते, ही गोष्टही निघाली. आणि मग २००६ नंतर तिथे शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदली, त्यांना ‘रेवासागर’ म्हटले, तेही एका शिक्षकांनी सांगितले.

बैठकीत सर्वांना पसंत पडलेला उपाय म्हणजे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा शहरातच वापरणे : बागांना, बांधकामाला, कारखान्यांना. कबीटखेडीला दिवसाला २४.५ कोटी लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र आहेच. हा बदल मॉडेलमध्ये घातला तेव्हा शहराची नर्मदेची मागणी खाली आली आणि ओसरीवर समाधानाचे हुंकार ऐकू आले. मग मी नाल्याची मापपट्टी दाखवणारी दुसरी रेघ पडद्यावर आणली. ती एप्रिल-मेमध्ये जवळजवळ तळाला गेली होती.

‘म्हणजे आपण वाचवलेलं पाणी कोणाचं तरी होतं?’ असे एका काकूंनी विचारले. मी काकींची वही त्यांच्या हातात दिली. नातीचे अक्षर, तीन रकाने, आणि एका पानावर पाण्याचा डाग.

या उत्तराला सोपी बाजू नाही, आणि मी ती शोधणारही नाही. शुद्ध न केलेले पाणी खाली सोडत राहणे हा काही काकींवरचा उपकार नव्हे. त्यांच्या पायांना खाज सुटते आणि भाजीत काय उतरते याची चिंता वेगळीच. परंतु शहराने बचत केली की खोऱ्यातही तेवढेच पाणी वाचले, हा समज चुकीचा आहे. ठिबकचेही तसेच आहे : जे पाणी पिकाच्या मुळांपलीकडे झिरपत होते त्याच्यावर कोणाची तरी विहीर जगत होती. बैठकीने अखेर जो पर्याय मॉडेलमध्ये घालायला सांगितला तो असा की शहराने पुनर्वापर करावा, पण पावसाळ्याआधीच्या तीन महिन्यांत शुद्ध केलेल्या पाण्याचा ठरावीक हिस्सा नदीसाठी आणि काठच्या शेतीसाठी राखूनच. किती हिस्सा, हे ठरवताना काठची माणसे समोर हवीत. त्यासाठी पुढची बैठक एकत्र घेण्याचे ठरले.

१७ मार्च २०२४, सांवेर तालुका

शहरातल्या सात आणि गावातल्या अकरा माणसांची एकत्र बैठक. आज संगणक नेलाच नाही. १९९० च्या दशकात फ्रेंच संशोधकांनी सेनेगल नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांसोबत मॉडेल करताना आधी त्याचा खेळ मांडला होता. तीच रीत आम्ही उचलली. मधे एक परात, तिच्यात साठ चिंचोके म्हणजे जमिनीतले पाणी. सहा खेळाडू, प्रत्येकाने हंगामाला हवे तेवढे चिंचोके रुमालाखालून उचलायचे. लसणाला पाच, गव्हाला चार, हरभऱ्याला एक. पाऊस कवड्या टाकून ठरायचा : जितक्या पालथ्या, त्याच्या चौपट चिंचोके परातीत परत.

पहिल्या डावात तिसऱ्याच वर्षी परात रिकामी झाली. आमच्या रामबागेतल्या काकू शेतकऱ्याच्या जागी बसल्या होत्या आणि त्यांनी तिन्ही वर्षे लसूणच लावला. भाव चांगला होता, असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या डावाआधी नियम करायचे होते. काकांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावची पाणी पंचायत सांगितली : १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली, जिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही तो मिळाला आणि उसाला बंदी झाली. माणशी वाट्याचा नियम गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांना मुळीच रुचला नाही आणि त्यावर अर्धा तास चांगलाच वाद झाला. अखेर मधला नियम निघाला. दर हंगामाआधी परातीतले चिंचोके सर्वांसमोर मोजायचे आणि तीसपेक्षा कमी असतील त्या वर्षी कोणी लसूण लावायचा नाही. या नियमावर परात सहा वर्षे टिकली. सातव्या वर्षी एकच कवडी पालथी पडली.

जेवताना पटेलांनी विचारले की परातीतले चिंचोके दिसतात, जमिनीतले पाणी कसे दिसावे? म्हणून गावातल्या चार विहिरींवर महिन्यातून एकदा सर्वांदेखत दोर सोडून पातळी मोजायची आणि आकडा पंचायतीच्या भिंतीवर लिहायचा, असे ठरले. आमच्या सगळ्या प्रकल्पातून एवढे एक काम टिकले तरी मला ते मोलाचे वाटेल.

नदीसाठी राखायच्या हिश्शावर एकमत झाले नाही. शहरवाल्यांनी सुचवलेला हिस्सा काकींना फार कमी वाटला. दोन्ही आकडे मॉडेलमध्ये वेगवेगळे पर्याय म्हणून ठेवले आहेत. सरासरी काढलेली नाही. सरासरी काढली असती तर भांडण कागदावरून पुसले गेले असते आणि नाल्यावर राहिले असते.

१९ मे २०२४

चारपैकी दोन विहिरी कोरड्या. भिंतीवर तिथे आकड्याऐवजी गावकऱ्यांनी फुली मारली आहे. मॉडेलने दुरुस्तीनंतर तीन विहिरी आटतील असे दाखवले होते. चौथीकडे आणि तिसरीकडे पाणी कुठून येते ते पाहावे लागेल. तिसरी नाल्यालगत आहे, म्हणजे शहराचा परतावा तिच्यातही झिरपत असावा. हा बाण तुटक रेघेने काढून ठेवला.

मापपट्टीवर पाच महिन्यांत एकदाही वासाच्या रकान्यात ‘नाही’ आलेले नाही.

२३ जून २०२४

रात्रभर पाऊस झाला. सकाळी सात वाजता काकींचा फोन आला. पट्टीचे खालचे नऊ पट्टे बुडाले आहेत, पुलाखाली फांद्या अडकल्या आहेत आणि नात छत्री घेऊन उभी आहे. मी वही उघडून त्यांनी सांगितले तसे लिहून घेतले : पातळी ४५, रंग मातकट, वास नाही.